अकरा मीटर खालचं जाळं आणि उद्यमनगरचा रोबो

मालवणच्या किनाऱ्यापासून थोडं आत, सागरी अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एक खडप आहे. समुद्राखालच्या खडकाळ उंचवट्याला तिकडे खडप म्हणतात. या खडपावर अकरा मीटर पाण्यात एका तांडेलांचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं, नायलॉनचं जाळं अडकलं. होडीतून जोर लावून ओढल्यावर निम्मं फाटून हाती आलं आणि निम्मं खालीच राहिलं.

खाली राहिलेलं जाळं मासे धरायचं थांबवत नाही. नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही. त्यात बांगडा अडकतो, मरतो. त्याला खायला खेकडा येतो, तोही अडकतो. मग त्याला खायला आणखी कोणी. धनी किनाऱ्यावर आणि जाळं खाली रात्रंदिवस चालू, असा हा प्रकार.

माझी भाची समुद्री जीवशास्त्र शिकते आणि त्या भागातल्या प्रवाळांच्या पाहणीत काम करते. नोव्हेंबरात तिचा फोन आला. "मामा, खाली कॅमेरा सोडायचाय. पाणी शिरणार नाही असं काहीतरी करून देशील का?"

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात जॉबवर्कचं दुकान आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिलिंग. पंपाचे शाफ्ट, बुश, सीलची हाउसिंग हे आमचं रोजचं काम. पाणी अडवणं हाच आमचा धंदा, म्हणून मी लगेच हो म्हणालो. पंपात पाणी आत ठेवायचं असतं, इथे बाहेर ठेवायचं होतं. एवढाच फरक असेल असं तेव्हा वाटलं होतं. पुढच्या चार महिन्यांत मालवणच्या दोन फेऱ्या झाल्या. पहिली फसली, दुसरीत काम झालं. दोन्हींचा हिशेब इथे मांडतो आहे.

ओढायचं की कापायचं

पहिला प्रश्न मीच विचारला होता. पाणबुड्या पाठवून जाळं कापून का आणत नाही? मालवण-तारकर्लीला स्कूबाची माणसं काही कमी नाहीत.

भाचीने समजावलं ते असं. जाळं नेमकं कशावर पसरलंय ते माहीत नसताना माणूस खाली पाठवणं धोक्याचं. गढूळ पाण्यात नायलॉन दिसत नाही, आणि सिलिंडर पाठीवर असलेला माणूस त्यात गुंतला तर त्याच्याकडे वेळ मोजकाच असतो. दुसरं कारण प्रवाळाचं. त्या खडपावर पोराइट्स जातीचं प्रवाळ आहे. त्याचे गोल गोळे असतात आणि ते वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. बादलीएवढा गोळा म्हणजे पंधरा-वीस वर्षांची वाढ. जाळ्याची दोरी त्याच्या खालून गेली असेल आणि वरून हिसका बसला, तर ती वाढ एका मिनिटात उपटून येते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून खडक बांधणारी प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांना वाघाइतकंच संरक्षण, मग ती अभयारण्यात असोत की बाहेर.

तिसरं कारण तिने हळूच सांगितलं, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटर गाभा. तेव्हापासून मच्छीमारांच्या मनात एक शंका घर करून आहे, की संरक्षण म्हणजे आपल्याला समुद्रातून बाहेर काढणं. अशा माणसाला "तुमच्या जाळ्याने प्रवाळाचं नुकसान होतंय" असं किनाऱ्यावर उभं राहून सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्या होडीत, त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांचंच जाळं खाली कसं पडलंय ते दाखवता आलं पाहिजे. म्हणून कॅमेरा हवा होता, आणि तोही त्याच क्षणी चित्र वर पाठवणारा.

मोठे रोबो आणि आमचा छोटा

दिवाळीनंतर ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून तिने मला समुद्रातल्या रोबोंची ओळख करून दिली. माझ्या डोक्यात रोबो म्हणजे हात-पाय असलेलं यंत्र होतं. तिने सांगितलेली पहिली गोष्ट अशा यंत्राची, ज्याला पंखासुद्धा नाही.

आर्गो नावाचे तरंगक आहेत. माणसाच्या उंचीच्या नळकांड्यासारखे. जगभरच्या समुद्रांत मिळून चार हजारांच्या आसपास. प्रत्येक तरंगक हजार मीटर खोलीवर वाहत राहतो. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत खाली जातो आणि तिथून वर येताना पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजत येतो. पृष्ठभागावर पोचला की उपग्रहाला आकडे देतो आणि पुन्हा बुडतो. हे सगळं तो करतो थोडंसं तेल आतून बाहेरच्या फुग्यात ढकलून. वजन तेवढंच राहतं, आकारमान वाढतं, म्हणून तो वर येतो. तेल परत आत घेतलं की खाली जातो. आमच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की कोणी हात न लावता उघडतात, ते लहानपणी बघायला गेलो होतो तेव्हा जसं वाटलं होतं, तसंच हे ऐकताना वाटलं. पाण्याचाच जोर पाण्यात वापरायचा.

भारतातल्या आर्गोचे आकडे हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत जमतात. अरबी समुद्र किती तापलाय हे त्यातून कळतं, आणि त्याच समुद्राची वाफ आमच्या राधानगरी-गगनबावड्यावर कोसळते. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या कोल्हापूरकराला समुद्राचं तापमान ही काही दूरची गोष्ट वाटायला नको.

मग ग्लायडर. तत्त्व तेच, जोडीला पंख, त्यामुळे वर-खाली होताना पुढेही सरकतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचा असा एक ग्लायडर न्यू जर्सीहून निघून २२१ दिवसांनी अटलांटिक ओलांडून स्पेनजवळ पोचला. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचा रोसब ६००० हा केबलवर चालणारा रोबो हिंदी महासागरात पाच हजार मीटरच्याही खाली जाऊन आला आहे. गोव्याच्या दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. त्यांनी प्रवाळांची पाहणी करायला सी-बॉट बनवला, तो दोनशे मीटरपर्यंत जातो. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवर प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांचा उपद्रव आहे. तिथल्या क्वीन्सलंडच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने कॅमेऱ्याने तारामासा ओळखून त्याला सुई टोचणारा रोबो केला. सुईत असतात पित्तापासून मिळणारे क्षार, ज्याने तारामासा मरतो आणि बाकी प्रवाळाला इजा होत नाही.

हे सगळं ऐकून मी विचारलं, "मग आपला काय करणार?"

"आपला बघणार. बास."

पाणी अडवण्याचं काम

आमच्या यंत्राला आरओव्ही म्हणतात, म्हणजे केबलने वर जोडलेला, वरून चालवायचा रोबो. केबल लागते कारण रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यात काही हातांपलीकडे जात नाहीत. त्यामुळे खाली मोबाइल नाही, वायफाय नाही, जीपीएस नाही. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त, म्हणून महागडे रोबो आवाजाने बोलतात. आम्हाला ते परवडणारं नव्हतं.

सांगाडा पीव्हीसी पाइपचा, पाइपांना भोकं, म्हणजे त्यात पाणी भरून वजन सारखं राहतं. मध्ये ॲक्रिलिकची नळी, आतला व्यास १०० मिलिमीटर. तिच्यात कॅमेरा, बॅटरी, सर्किट. नळीच्या दोन टोकांना ॲल्युमिनियमची टोपणं, प्रत्येकावर दोन ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या. चालवायला चार थ्रस्टर, म्हणजे मोटारीवरचे पंखे, दोन पुढे-मागे आणि दोन वर-खाली. थ्रस्टरच्या मोटारीत पाणी शिरू द्यायचं असतं, हे मला नवीन होतं. गुंडाळीच्या तारेवर लाखेसारखा थर असतो, त्यामुळे ती उघडी पाण्यात चालते. सील फक्त नळीला.

टोपणं आबांनी लेथवर टर्न केली. आबा आमच्याकडचे सगळ्यात जुने टर्नर. त्यांची एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. ओ-रिंग बसते त्या खाचेचा तळ त्यांनी पॉलिश केला नाही. मी म्हटलं, आरशासारखा करू या. ते म्हणाले, "नको. टूलची रेघ गोल फिरत्या. रिंग तिच्यावर बसत्या. ह्ये बघा," आणि नख उभं फिरवून दाखवलं, "उभा ओरखडा पडला की संपलं. पॉलिश पेपर हातानं मारला की उभा ओरखडा पडतोयच." तीस वर्षं मी सील-हाउसिंग विकतोय, पण हे एवढं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं. गोल रेघ पाण्याला फिरवून त्याच जागी आणते. उभी रेघ त्याला आत आणते.

दाबाचा हिशेबही त्यांना पटवावा लागला. दर दहा मीटर पाण्याला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब वाढतो. वीस मीटरवर दोन किलो. १०० मिलिमीटर व्यासाच्या टोपणाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे एका टोपणावर १५७ किलोचा जोर. आबांनी पाटीवर गुणाकार केला, टोपणाची जाडी दोन मिलिमीटरने वाढवली आणि काही न बोलता जॉब लावला.

टेस्ट दोन. पहिली व्हॅक्यूमची. शेजारच्या फ्रिज मेकॅनिककडून पंप आणि गेज आणला, नळीतली हवा ओढून पाऱ्याच्या १५ इंचावर आणली आणि काटा बघत बसलो. पण व्हॅक्यूम कितीही ओढला तरी तो दहा मीटर पाण्याच्या वर जात नाही, आणि १५ इंच म्हणजे जेमतेम पाच मीटर. म्हणून दुसरी हायड्रो टेस्ट, म्हणजे बाहेरून पाण्याचा दाब देऊन बघायची. शिरोलीच्या कारखान्यांत व्हॉल्व्हच्या बॉडी तपासायला हातपंप असतो. एका ओळखीच्या कारखानदारांनी तो दोन दिवस दिला. मोठ्या पाइपात नळी ठेवली, दोन्हीकडून फ्लँज मारले, पाणी भरलं आणि चार किलोवर तासभर ठेवलं. नळी उघडली तर आतला टिशू पेपर कोरडा ठणठणीत. दुकानात त्या दिवशी सगळ्यांना भजी आणली.

एक गोष्ट मात्र मी त्या दिवशी चुकीची केली. केबल जिथून टोपणात शिरते त्या भोकाला प्लग मारून ही टेस्ट घेतली. केबलसकट नळी त्या पाइपात मावत नव्हती. मला वाटलं, केबलभोवती एपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा गोंद, भरलंय, तिथून काय होणार.

रंकाळा

डिसेंबरात रीतसर विचारून कोल्हापूरच्या रंकाळा तलावात यंत्र सोडलं. केंदाळ नव्हतं त्या बाजूला, संध्यामठाकडे तोंड करून. आम्हाला जिथे उतरवता आलं तिथे पाणी चार-साडेचार मीटर. यंत्र आमच्या फोरमनच्या मुलाने चालवलं. तो डिप्लोमाला आहे आणि गेमच्या कंट्रोलरवर त्याचा हात बसलेला आहे. आमच्यापैकी दुसऱ्या कुणाच्या अंगठ्यांना ते जमलं नसतं.

दिसलं फारसं काही नाही. हिरवट धुकं आणि त्यात तरंगणारे कण. इथे एक उपयोगी धडा मिळाला. दिवा कॅमेऱ्याच्या शेजारी लावला होता, त्यामुळे समोरचे कणच चमकत होते. पावसाळ्यात गगनबावड्याच्या धुक्यात गाडीचा अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते आणि डिपरवर रस्ता दिसतो, तसंच. दिवे दोन्ही बाजूंना हातभर लांब, तिरके लावले आणि चित्र सुधारलं.

वजनाची जुळणीही इथेच केली. पाण्याखालचा रोबो किंचित तरंगणारा ठेवतात, बुडणारा ठेवत नाहीत. बुडणारा असला तर त्याला वर धरून ठेवायला पंखे सतत खाली पाणी फेकतात, तळाचा गाळ उडतो आणि चित्र जातं. तरंगणारा असला तर पाणी वर फेकलं जातं आणि तळ शांत राहतो. आम्ही पन्नास ग्रॅमवर आणून ठेवला. सोडला की सावकाश वर यायचा. पोरं खूश, मी खूश. चौपाटीवर फिरायला आलेली माणसं थांबून विचारत होती. एका आजींनी विचारलं, "ह्यानं रंकाळ्यातलं केंदाळ निघंल काय?" मी म्हटलं, नाही निघणार आजी, पण तळ दिसेल. त्या म्हणाल्या, "दिसला तर काढशिला तरी." तो मुद्दा अजून माझ्या मनात आहे.

पहिली फेरी

जानेवारीत फोंडाघाटाने मालवणला गेलो. मी, आबा, तो मुलगा. तिथे भाची आणि तांडेल. तांडेल साठीचे, बोलायला मोजके. आमचं यंत्र त्यांनी उचलून बघितलं आणि विचारलं, "ह्यां खाली जातला?"

गेलंच नाही. पाण्यात सोडलं आणि बुचासारखं वर. दोन्ही पंखे पूर्ण जोरात लावले तेव्हा कुठे सरकायला लागलं, आणि जोर कमी केला की परत वर. रंकाळ्यात नीट जुळलेलं यंत्र इथे का उसळतंय ते कळायला मला पाच मिनिटं लागली. गोड्या पाण्याच्या लिटरचं वजन एक किलो, समुद्राच्या पाण्याचं साधारण एक किलो पंचवीस ग्रॅम. आमचं यंत्र आठ लिटर पाणी बाजूला सारत होतं. आठ गुणिले पंचवीस, दोनशे ग्रॅम. तेवढी उसळी फुकटची वाढली होती. शाळेत शिकलेलं आर्किमिडीजचं तत्त्व होडीत बसून आठवलं.

तांडेलांना दोनशे ग्रॅम म्हटल्यावर ते उठले, फळीखालच्या पिशवीत हात घातला आणि जाळ्याला लावायची शिशाची वजनं काढली. तळहातावर दोन-तीन तोलून बघितली आणि माझ्या हातात दिली. वजनकाट्यावर नंतर बघितलं, २१० ग्रॅम भरली. ती सांगाड्याला बांधली आणि यंत्र शहाण्यासारखं खाली गेलं.

नऊ मीटरवर चित्र गेलं.

आधी पडदा निळा, मग रेघा, मग काळा. केबलने वर ओढलं तर नळीत अर्धा कप पाणी डुलत होतं. लिथियमची बॅटरी भिजली की तिचा भरवसा नसतो, म्हणून किनाऱ्यावर आल्या आल्या ती काढून वाळूच्या बादलीत, माणसांपासून लांब ठेवली. सर्किट मीठ खाऊन गेलं होतं. टोपणाच्या स्टेनलेस स्क्रूंभोवती पांढरी पूड धरायला लागली होती. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. हे पुस्तकात वाचलं होतं. एका दिवसात डोळ्यांनी दिसेल असं वाटलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर आबा काहीच बोलले नाहीत. त्यांना वाटत होतं त्यांचं टोपण गळलं.

पाणी कुठून आलं

दुकानात नळी उघडली. चारही ओ-रिंग कोरड्या. ग्रीस जसंच्या तसं. टोपण आणि नळीच्या मध्ये मिठाचा कणही नाही. पाणी आत आहे आणि शिरल्याची खूण कुठेच नाही.

दोन दिवस आम्ही टोपणांकडेच बघत होतो. तिसऱ्या दिवशी त्या मुलाने केबल हातातून सरकवत नेली आणि यंत्रापासून तीन मीटरवर थांबला. वरच्या आवरणाला नखाएवढी चीर होती. खडपावर कालवं असतात, त्यांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी. केबल तिथे घासली होती.

मग सगळं उलगडलं. नळीच्या आत साधी हवा, बाहेर जवळजवळ एक किलोचा जास्तीचा दाब. चिरेतून शिरलेलं पाणी केबलच्या आतल्या तारांमधल्या पोकळीतून ढकललं गेलं आणि थेट नळीत उतरलं. एपॉक्सी आम्ही केबलच्या बाहेरून भरलं होतं. केबल आतून उसाच्या कांड्यासारखी भरीव नसते, ती पोकळ नळी असते, हे आम्ही विसरलो होतो. आबांना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी टोपण हातात घेतलं, पुसलं आणि फळीवर ठेवलं. त्या दिवशी ते जेवायला वेळेवर गेले.

दुरुस्ती अशी केली. आत जेली भरलेली, उघड्यावर वापरायची केबल घेतली. टोपणाजवळ चार इंच आवरण सोलून आठही तारा सुट्या केल्या, प्रत्येक तारेचं प्लॅस्टिक मध्ये अर्धा इंच काढून तांब्यावर सोल्डर भरलं, म्हणजे तारेच्या आतूनही पाण्याला वाट राहू नये. आबांनी नायलॉनचा बुश टर्न केला, त्या बुशात तारा एकमेकींना न टेकतील अशा उभ्या केल्या आणि एपॉक्सी ओतलं. ओतायच्या आधी एपॉक्सीचा डबा कोमट पाण्यात ठेवला, त्याने बुडबुडे वर येतात. स्क्रूंखाली नायलॉनचे वॉशर. आणि या वेळी हायड्रो टेस्टच्या फ्लँजला केबलसाठी ग्लँड बसवून, केबलला मुद्दाम चीर पाडून, चीर पाइपाच्या आत ठेवून चार किलोवर टेस्ट घेतली. रात्रभर. टिशू कोरडा.

दुसरी फेरी

फेब्रुवारीची सकाळ, वारा पडलेला, पाणी पाच-सहा मीटर दिसेल इतकं स्वच्छ. होडीत आम्ही चौघं, तांडेल आणि एक स्थानिक पाणबुड्या. केबलला दर पाच मीटरवर रंगीत सुतळी बांधली होती आणि ती सोडायचं काम तांडेलांनी स्वतःकडे घेतलं. दोरी किती सुटली, ताण किती, हे त्यांच्या हातांना आमच्या कुठल्याही सेन्सरपेक्षा चांगलं कळत होतं.

आठ मीटरवर खडप दिसायला लागलं. दहावर जाळं. मच्छरदाणी फाटून खाटेवर पडावी तसं ते तीन-चार प्रवाळांच्या गोळ्यांवर पसरलेलं, त्यावर शेवाळाचा तपकिरी थर. एका जागी माशाचा काटा, त्याच्याशेजारी नांगी हलवणारा जिवंत खेकडा. तांडेल पडद्याजवळ वाकले. हातावरचं पाणी शर्टाला पुसलं आणि बोट न टेकवता दाखवलं.

"ह्यां माझांच जाळां. तो निळो दोर बघा."

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मुलगा यंत्र सावकाश कडेकडेने नेत होता. भाची वहीत खुणा करत होती. जाळ्याची वरची, बोयांची दोरी मोकळी होती. खालची, शिशाची दोरी मात्र दोन गोळ्यांच्या खालच्या कपारीतून गेली होती. तांडेलांनीच ते आधी ओळखलं. वरून ओढलं असतं तर शिसं कपारीत अडकून दोरी तरफेसारखी चालली असती आणि गोळे उपटले असते. "ओढूक नको," ते म्हणाले. "खालची दोरी तोडूक होयी. हय आणि हय." भाचीला जे महिनाभर सांगायचं होतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, आणि निर्णय त्यांचा होता.

बाविसाव्या मिनिटाला आमचं यंत्र त्याच जाळ्यात अडकलं. जवळून चित्र घ्यायच्या नादात एका पंख्याने नायलॉनचा धागा ओढला आणि गुंडाळून घेतला. मोटार जळू नये म्हणून बंद केली. पाणबुड्या तसाही उतरणारच होता. त्याने पहिल्यांदा यंत्र सोडवलं, मग कामाला लागला. जाळ्याजवळ रोबो नेण्याचा हा सगळ्यात मोठा धोका आहे, आणि तो आम्ही ऐकून होतो. आता पंख्यांना जाळीदार कड्या आहेत आणि जाळ्यापासून दीड मीटरच्या आत जायचं नाही असा नियम आहे.

पाणबुड्याला कुठे काय कापायचं ते पडद्यावर दाखवून पाठवलं होतं, त्यामुळे खाली शोधाशोध झाली नाही. शिशाची दोरी तीन ठिकाणी कापली. रिकाम्या कॅनमध्ये हवा भरून ते जाळ्याच्या तुकड्यांना बांधले, तुकडे आपसूक वर आले. एका सिलिंडरमध्ये, ३८ मिनिटांत काम उरकलं. होडीत आलेलं जाळं अंदाजे चाळीस मीटर, मासळीच्या काट्यावर ओलं १९ किलो. सहा खेकडे जिवंत निघाले, ते तिथेच सोडले. दोन ठिकाणी धाग्यांवर प्रवाळ चढलं होतं. तिथले तळहाताएवढे तुकडे तसेच ठेवले, कारण ते ओढले असते तर जे वाचवायला गेलो तेच खरवडलं असतं.

यंत्र पुन्हा एकदा खाली पाठवून नंतरची चित्रं घेतली. जाळं जिथे घासत होतं तिथे प्रवाळाचा रंग उतरलेला, फिकट पट्टे. ते भरून येतील का हे त्याच जागी, त्याच कोनातून पुन्हा बघितल्यावर कळेल. पहिल्या फेरीची शिशाची वजनं सांगाड्याला अजून तशीच बांधलेली आहेत. तांडेलांनी ती परत घेतली नाहीत.

रोबोने या सगळ्यात काय केलं असं कोणी विचारलं तर माझं उत्तर आहे, अर्ध्या तासाचं चित्र दिलं. कापलं माणसाने, उचललं माणसांनी, ठरवलं तांडेलांनी. माझ्या मते त्या अर्ध्या तासासाठी चार महिने घालवणं योग्य होतं. ते चित्र नसतं तर जाळं एक तर तिथेच राहिलं असतं, नाहीतर प्रवाळासकट वर आलं असतं. किनाऱ्यावरच्या छोट्या पथकांना दोनशे मीटर जाणाऱ्या यंत्रापेक्षा वीस मीटरवर न गळणारं, गळलं तर तालुक्याच्या गावात दुरुस्त होणारं यंत्र हवंय. लेथ, ओ-रिंग, हायड्रो टेस्ट, सोल्डर. हे सगळं उद्यमनगरात एका हाकेवर आहे.

होडी किनाऱ्याला लागल्यावर तांडेलांनी भाचीच्या वहीत आणखी तीन खडपांच्या जागा सांगितल्या. किनाऱ्यावरचं कुठलं झाड कुठल्या टेकडीच्या रेषेत आलं की थांबायचं, अशा खुणांनी. त्यांच्या वडिलांच्या काळापासून तिथे जाळी अडकत आलीत म्हणे. दोन जागा दहा-बारा मीटरच्या आहेत, एक अठराची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि त्यानंतरही नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचा भरवसा नाही, म्हणून पुढची फेरी पावसाळा सरल्यावर.

अठरा मीटरसाठी आबांनी नवी टोपणं घेतली आहेत, थोडी जाड. खाचेचा तळ या वेळीही पॉलिश केलेला नाही. काल संध्याकाळी नळीला व्हॅक्यूम लावून गेजसकट कपाटात ठेवली. आज सकाळी दुकान उघडून पहिल्यांदा तेच बघितलं. काटा १५ वरच होता.